वळवणचा तह आणि बेटांची वाट

दर वर्षी चैत्रात मुंबई, ठाणे, रायगड या किनारी जिल्ह्यांतील कोळी आणि आगरी समाज पालख्या घेऊन बोरघाट चढतो आणि मावळात येतो. कार्ल्याच्या डोंगरावर, लेण्याच्या दाराशीच, एकवीरा आईचे ठाणे आहे. ज्यांचे सारे आयुष्य भरती-ओहोटीच्या हिशेबाने चालते त्यांची देवता समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या माथ्यावर कशी, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर त्या लेण्याच्या भिंतींवरच कोरलेले आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी येथे दान देणाऱ्यांत सोपाऱ्याचा भाविक होता, वैजयंतीचा श्रेष्ठी होता आणि स्वत:ची ओळख यवन म्हणून देणारे दातेही होते. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांत उतरलेला माल घाट चढून याच वाटेने देशावर जात असे. मावळ म्हणजे भात, पाऊस आणि डोंगरी किल्ले ही आजची समजूत झाली. वस्तुत: मावळ हे कोकणच्या समुद्राचे परसदार होते.

या परसदाराची आठवण आज करण्याचे कारण आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यात मावळातील लोहगड आहे आणि समुद्रातील खांदेरी, सुवर्णदुर्ग व सिंधुदुर्ग हे जलदुर्गही आहेत. पाठोपाठ सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई बंदरातील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. त्याआधी एक वर्ष, सप्टेंबर २०२४ मध्ये, केंद्र सरकारने ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले होते. म्हणजे बेटाबेटांवर हिंडण्याची जी हौस आजवर सिंगापूर, फुकेत किंवा बाली येथे जाऊन भागवली जात होती, तिला आता घरचे बंदर आणि घरची बेटे मिळण्याची शक्यता निर्माण झाली आहे. शक्यता आणि सिद्धता यांत मात्र अंतर असते, आणि ते किती आहे याचा अंदाज घ्यायला लोणावळ्यासारखे दुसरे ठिकाण नाही.

लोणावळ्याला लागून असलेल्या वळवण गावाचे नाव आज बहुतेकांना टाटांच्या धरणामुळे ठाऊक असते. याच वळवण येथे १७१४ साली बाळाजी विश्वनाथ आणि कान्होजी आंग्रे यांची भेट झाली. प्रसंग बाका होता. ताराराणींच्या पक्षात असलेल्या कान्होजींनी घाट चढून लोहगड, राजमाची हे किल्ले घेतले होते. त्यांच्यावर चालून गेलेले शाहू छत्रपतींचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांनी कैद केले होते. दर्यावरचा सेनानी साताऱ्यावर चालून येणार, अशी भीती दरबारात पसरली होती. अशा वेळी नुकतेच पेशवेपद मिळालेले बाळाजीपंत लढाईऐवजी बोलणी करायला पुढे आले. ते मूळचे श्रीवर्धनचे, म्हणजे समुद्र जाणणारे. कान्होजींनी शाहू छत्रपतींचे स्वामित्व मान्य केले, पिंगळ्यांची सुटका केली. त्यांचे सरखेलपद आणि किनाऱ्यावरचे जलदुर्ग त्यांच्याकडे कायम राहिले. हिंदवी स्वराज्याचे डोंगर आणि समुद्र हे दोन हात एकमेकांवर उगारले जात होते, ते या तहाने पुन्हा एका धडाला जोडले गेले. आंग्रे घराण्याचे मूळ गावही मावळातील अंगरवाडी असल्याचे सांगितले जाते, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा.

वळवणला जे जुळले ते बेचाळीस वर्षांनी विजयदुर्गाच्या खाडीत तुटले. १७५६ साली तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि आंग्र्यांचे आरमार इंग्रजांच्या डोळ्यांदेखत जळाले. त्यानंतर मराठी समाजाने समुद्राकडे जी पाठ फिरवली, ती फार काळ वळलीच नाही. समुद्रगमन निषिद्ध मानणाऱ्या रूढीने त्या पाठ फिरवण्याला धर्माचे नाव दिले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतील ज्या सात स्वदेशी बेड्या सांगितल्या त्यांत सिंधुबंदी आहे, ती उगीच नव्हे. ज्यांच्या पूर्वजांनी अग्नेय आशियातील बेटांपर्यंत मंदिरे उभारली आणि राजेंद्र चोळाच्या आरमाराने १०२५ च्या सुमारास श्रीविजयाच्या बंदरांवर स्वारी केली, त्यांनी पुढे खाडी ओलांडतानाही प्रायश्चित्ताचा विचार करावा, याहून मोठी शोकांतिका कोणती? ‘महाराजा’ या जहाजातून १९११ साली सावरकर अंदमानला गेले, तेव्हा एका पूर्ण पिढीने बेट हा शब्द काळ्या पाण्याच्या संदर्भातच ऐकला होता.

आज त्याच अंदमानात मराठी कुटुंबे विमानाने उतरतात, सेल्युलर कारागृहात नतमस्तक होतात आणि दुसऱ्या दिवशी बोटीने स्वराज द्वीप व शहीद द्वीप पाहायला निघतात. ही नावे डिसेंबर २०१८ मध्ये दिली गेली; त्याआधी या बेटांना हॅवलॉक आणि नील या इंग्रजांची नावे होती. जानेवारी २०२३ मध्ये आणखी एकवीस बेटांना परमवीरचक्र विजेत्यांची नावे मिळाली. बेटावरून बेटावर जाणाऱ्या प्रवाशाला नकाशाच देशाचा इतिहास सांगतो, अशी सहल जगात दुर्मीळच म्हटली पाहिजे. लक्षद्वीपची छत्तीस बेटे आहेत आणि त्यांतील दहांवर वस्ती. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तेथे भेट दिल्यावर देशभर या बेटांची चर्चा झाली. २०२१ पासून मुंबईहून क्रूझनेही प्रवासी तेथे जाऊ लागले. प्रवाळाच्या कड्यामुळे मोठे जहाज दूर खोल पाण्यात नांगर टाकते आणि माणसे लहान नावांनी बेटावर उतरतात, ही तेथील रीत.

मुंबई–गोवा मार्गावर २०१८ साली जे क्रूझ जहाज सुरू झाले, त्याचे नाव ‘आंग्रिया’ होते. कान्होजींचे नाव इंग्रजी नकाशांतून परत मराठीत येताना असे झाले. ते जहाज सुरू झाले तेव्हा मोठा गाजावाजा झाला; त्याचा प्रवास मात्र फार वर्षे टिकला नाही. जहाज पुढे जाते, पण वाटेत ते कोठे थांबणार? हर्णै, दाभोळ, जयगड, मुसाकाझी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत कोकणची आगबोट एके काळी गोव्याला जात असे आणि पडावातून उतारू किनाऱ्याला लागत. रस्ते झाले, बोटी बंद पडल्या आणि बंदरांत गाळ साचला. आज सुवर्णदुर्गावर जायचे तर हर्णैच्या किनाऱ्यावरून मच्छीमाराची होडी ठरवावी लागते. खांदेरीवर शिवछत्रपतींनी १६७९ साली इंग्रजांच्या नाकावर टिच्चून तटबंदी उभारली. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या आरमाराने तेथे इंग्रजांना महिनोनमहिने झुंजवले. १९९८ साली या बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव दिले गेले. तेथे जाणारी वाट मात्र अजून थळच्या कोळ्याच्या होडीवरच अवलंबून आहे. जागतिक वारशाचे प्रमाणपत्र पॅरिसमध्ये मिळते. धक्का, पिण्याचे पाणी, शौचालय आणि माहिती देणारा जाणकार मात्र स्थानिक पातळीवरच उभा करावा लागतो.

याहून गंभीर गोष्ट सुरक्षिततेची. १९२७ साली ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या बोटी वादळात एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य महिन्यावर आले असताना, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. संतांची नावे बोटींना दिली म्हणून समुद्र क्षमा करत नाही. हा जुना काळ झाला म्हणावे, तर मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या लाँचवर इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान नौका आदळली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. परवानगीपेक्षा जास्त उतारू त्या लाँचवर होते आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. घारापुरी हे मुंबईच्या नजरेतले बेट, रोज शेकडो पर्यटक जातात असे. तेथे ही स्थिती, तर आडवळणाच्या जलदुर्गांची काय कथा? परदेशातील महाकाय जहाजेही यातून सुटलेली नाहीत. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज एका बेटाला केवळ सलामी देण्याच्या हौसेपायी खडकावर आदळले आणि बत्तीस माणसे गेली.

लोणावळ्यात मात्र दोन शाळा आहेत. एक आहे ‘आयएनएस शिवाजी’. इंग्रजी अमदानीत, १९४५ साली, नौदलाची ही प्रशिक्षण संस्था सुरू झाली, तेव्हापासून तिला छत्रपतींचे नाव आहे. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच डोंगरावर, धो धो पावसात, भारतीय नौदलाच्या अभियंत्यांच्या पिढ्या येथे जहाजाचे इंजिन शिकल्या. २०२० साली या संस्थेला राष्ट्रपतींचे निशाण प्रदान करण्यात आले. कान्होजींच्या तहाच्या गावाशेजारी आरमाराची शाळा, हे कोणी ठरवून केले नसेल. पण वळवणला जुळलेला धागा येथे पुन्हा हाती लागतो, हे नाकारता येत नाही. यंत्राची शिस्त, तपासणी, नोंदवही आणि एकाच्या हलगर्जीपणाची किंमत सर्वांना मोजावी लागते याचे भान, हे या शाळेतले धडे.

दुसरी शाळा शनिवार-रविवारची आहे. जून २०२४ च्या शेवटच्या रविवारी भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेले. त्यानंतर प्रशासनाने वेळेचे निर्बंध घातले, फलक लावले. एक वर्षही उलटले नाही तोच, १५ जून २०२५ रोजी, मावळातच कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराने कोसळला आणि चौघे दगावले. तो पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे होता. म्हणजे फलक लावणे यालाच व्यवस्था समजण्याची सवय जडली आहे. पवनेच्या जलाशयाकाठी तंबूंची रांग लागते, रात्री ध्वनिवर्धक वाजतो, सकाळी बाटल्या राहतात. त्या जलाशयासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतील शेकडो कुटुंबे अर्धशतकानंतरही पुनर्वसनासाठी खेटे घालत होती. त्यांच्या बुडालेल्या शेतांच्या काठावर सूर्यास्त पाहण्याचे पैसे मात्र दुसऱ्याच्या खिशात जातात. पर्यटनाने रोजगार मिळतो हे खरे असले, तरी कोणाला मिळतो, हे विचारल्याशिवाय ते वाक्य पूर्ण होत नाही.

बेटांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण बेट लहान असते आणि त्याला पळायला जागा नसते. थायलंडची माया बे ही खाडी एका चित्रपटामुळे जगप्रसिद्ध झाली. तेथील प्रवाळ इतके उद्ध्वस्त झाले, की २०१८ साली सरकारला ती बंद करावी लागली. साडेतीन वर्षांनी ती उघडली तेव्हा माणसांची संख्या ठरवून दिली गेली. फिलिपाईन्सने बोराकाय हे अख्खे बेट २०१८ मध्ये सहा महिने बंद ठेवले होते. पर्यटनावर पोट असलेल्या देशांनी हे केले, हे विशेष. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरवर समुद्रात बुडालेला आंग्रिया बँक हा प्रवाळप्रदेश आहे. लोणावळ्याचे जे झाले ते तेथे झाले, तर ते परत उभे करण्यास माणसाचे आयुष्य पुरणार नाही.

अर्थात, या भीतीने बेटे बंदच ठेवावीत असे कोणी म्हणणार नाही. तसे करणे म्हणजे सिंधुबंदी नव्या रूपात परत आणणे होय. लोहगडाच्या विंचूकाट्यावर उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला घाट उतरवून थळला न्यावे, खांदेरीचा तट दाखवावा आणि पुढे हर्णै, विजयदुर्ग करत मालवणपर्यंत समुद्रमार्गाने न्यावे. वळवणच्या तहाचा अर्थ त्याला पुस्तकाविना कळेल. मोठी क्रूझ यासाठी लागत नाही. लागतात त्या वर्षातून एकदा खरोखर तपासलेल्या बोटी, मोजून घेतलेले उतारू, प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट आणि पावसाळ्यात बंद म्हणजे बंद असलेला धक्का. नौदलातून निवृत्त झालेले कितीतरी तंत्रज्ञ पुणे-लोणावळा परिसरात राहतात. त्यांच्याकडून तांडेलांना इंजिनाचे आणि बचावाचे प्रशिक्षण देणे सागरी मंडळाला अवघड नाही.

मालवणात सिंधुदुर्गाची होडी वाहतूक स्थानिक होडीवाल्यांनी संघटित होऊन सांभाळली आहे. थळ, मुरूड, हर्णै येथे धक्के बांधले जातील, निविदा निघतील, तेव्हा उलाढालीची अट कोट्यवधींची घातली जाते की गावच्या मच्छीमार संस्थेला भाग घेता येईल अशी ठेवली जाते, हे पाहावे लागेल. चैत्रात कार्ल्याचा डोंगर चढून येणारे कोळी तेव्हा त्या बेटांच्या वाटेवर तांडेल असतील की पराच्या लाँचवरचे खलाशी, ते त्या एका कागदावर ठरणार आहे.