परत आलेला

आमच्या गावात 'परत आला' ही शिवी आहे. "थोरला काय करतो हल्ली?" "परत आला की!" आणि ऐकणारा मान हलवतो, मयताला आल्यागत.

मी १९८४ साली कोल्हापूरहून परत आलो. दहावी झाल्या झाल्या गेलो होतो, महाराष्ट्र केसरीची गदा आणायला. सहा वर्षं पहाटे चारला उठून जोर-बैठका मारल्या, हौदातली लाल माती उकरली. माझ्या बदाम-तुपासाठी आबांनी दुभती म्हैस विकली. धाकटी भावंडं काळा चहा प्याली. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेत मी एकदाच लढलो, तेही लोक अजून जागा धरत होते तेव्हा. कुस्ती बरोबरीत सुटली. पुढल्या साली एका जत्रेत गुडघा गेला. संपलं.

यष्टीतनं उतरलो तर पारावरनं सवाल, "काय पैलवान, गदा गाडीतच राहिली का?" सगळे हसले. त्या हसण्याशी माझं भांडण नाही, मीही हसलो असतो. भांडण आहे ते त्यापुढच्या बोलण्याशी. "जाऊ दे, शेती हायेच की!"

हायेच की? शेती म्हणजे काय हरलेल्यांची धर्मशाळा आहे? पहिल्याच साली हुमणीनं माझा निम्मा ऊस खाल्ला. लागण कधी करावी, पाणी कधी तोडावं, हे शिकायला तालमीपेक्षा जास्त वर्षं गेली. तालमीत चुकलं तर वस्ताद सांगायचे, इथं सोसायटीचं कर्ज सांगतं. आणि 'हायेच की' म्हणणारे कोण? सगळे शेतकरीच! आपल्याच कामाला आपणच उकिरडा म्हणायचं, अन् शेतकऱ्याला कुणी पोरगी देत नाही म्हणून पुन्हा पारावर बसून रडायचं. वेशीवर फ्लेक्स लागतो तो गाव सोडून गेलेल्याचा.

पुतण्या पुण्यात चार वर्षं स्पर्धा परीक्षा देत होता. दिवाळीत परत आला. दिवसा बाहेर पडत नाही. शेतीची लाईट रात्रीची, तेवढंच त्याला निमित्त. आला त्या संध्याकाळी मीच त्याला विचारलं होतं, "मग आता?" त्यानं मान खाली घातली. बोललो मी, पण आवाज पाराचाच होता.

काल म्हटलं, "चल, दिवसा पाणी बघून येऊ. पारावरनंच जाऊ."

"काका, मळ्याला मागची वाट जवळ पडते."

पडते खरी. दोन वर्षं मीही तिकडनंच जात होतो.