अर्ज वीस, जागा एक!

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत दिवाळीच्या सुमारास हल्ली आणखी एक गडबड चालू असते. घरातले मूल शाळेच्या शेवटच्या, म्हणजे बारावीच्या वर्गात असेल, तर फराळाच्या डब्याशेजारी कॉलेजांची यादी हमखास दिसते. काही कॉलेजांची लवकरच्या अर्जाची मुदत १ नोव्हेंबरला संपते, तर पुष्कळांची जानेवारीच्या सुरुवातीला. पुण्या-नाशिकचे आजोबा फोनवर विचारतात, "किती ठिकाणी अर्ज केलेस गं?" नात सांगते, "पंधरा झाले आजोबा, अजून पाच करणार आहे." आजोबांना हायसे वाटते. इतक्या ठिकाणी अर्ज केल्यावर कुठे ना कुठे लागणारच की!

हा दिलासा कितपत खरा आहे?

आजोबांचा हिशेब इथल्या अनुभवातून आलेला आहे. आपल्याकडे अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात एकाच अर्जावर दहापर्यंत कॉलेजे पसंतीक्रमाने लिहिता येतात. गेल्या वर्षी कोणते कॉलेज किती टक्क्यांना बंद झाले, ते माहीत असते. यादीत एक नाव वाढवायला ना वेगळा निबंध लागतो, ना शिफारसपत्र. तिथे यादी भरगच्च ठेवण्यात शहाणपण आहे. आईवडील हीच सवय बरोबर घेऊन परदेशी जातात आणि नेमके तिथेच फसतात.

तिकडची रीत निराळी आहे. प्रत्येक कॉलेज आपापला निर्णय स्वतंत्रपणे घेते. नामांकित कॉलेजे गुणांबरोबरच घेतलेले विषय, शिक्षकांची पत्रे, निबंध आणि शाळेबाहेरचे उद्योगही पाहतात. अमुक टक्के मिळाले की जागा पक्की, असे त्यांच्याकडे नसते. १९७५ साली पंधरा कॉलेजांनी मिळून 'कॉमन अॅप्लिकेशन' नावाचा सामाईक अर्ज सुरू केला. आज त्यात हजाराहून अधिक कॉलेजे आहेत आणि एकदा भरलेली माहिती वीस कॉलेजांपर्यंत पाठवता येते. सोय झाली तसे अर्ज वाढले. जागा तेवढ्याच राहिल्यामुळे प्रवेशाचे प्रमाण घसरले. ते घसरले म्हणून धास्ती वाढली आणि धास्तीपोटी अर्ज आणखी वाढले. हार्वर्डकडे २०२४च्या प्रवेशासाठी सुमारे ५४ हजार अर्ज आले. शंभरातल्या चौघांनाही जागा मिळाली नाही.

आता साधे गणित पाहू. जिथे प्रवेशाचे प्रमाण ५ टक्के आहे, अशा दहा कॉलेजांना अर्ज केला, तर संधी ५० टक्के झाली असे मनोमन धरले जाते. हे दहाही निर्णय एकमेकांपासून पूर्ण अलग मानले, तरी ते प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपासच येते. शिवाय ते तसे अलग नसतातही. मूल तेच, गुण तेच, शिक्षकांची पत्रे तीच. जे एका ठिकाणी कमी पडते, ते बहुधा दुसऱ्या ठिकाणीही कमीच पडते.

वाढत्या यादीची किंमत मात्र रोख मोजावी लागते. नामांकित खासगी कॉलेजांचे अर्जशुल्क साधारण ७५ ते ९० डॉलरच्या घरात असते. पंधरा अर्ज म्हणजे हजार डॉलरच्या वर खर्च. गरजू मुलांना ते माफ होते, पण वेळ कुणालाच माफ होत नाही. मुख्य निबंध एकच असला, तरी पुष्कळ कॉलेजे 'आमचेच कॉलेज का?' अशा धर्तीचे आणखी दोन-तीन निबंध मागतात. पंधरा कॉलेजे म्हणजे तीसेक निबंध, तेही शाळेचा अभ्यास सांभाळून. विसाव्या कॉलेजासाठी लिहिलेला निबंध किती मनापासून उतरेल?

म्हणून यादी तळापासून बांधावी. आधी अशी दोन कॉलेजे शोधावीत, जिथे प्रवेश जवळजवळ निश्चित आहे, जिथला खर्च घराला झेपतो आणि जिथे मूल आनंदाने जाईल. बहुधा ती आपल्याच राज्यातली सरकारी विद्यापीठे असतात, कारण राज्यातल्या रहिवाशांना तिथे फी बरीच कमी पडते. मग बेताची संधी असलेली चार, आणि शेवटी स्वप्नातली दोन-तीन. आठ-नऊ अर्ज पुरेत. ज्यांना आर्थिक मदतीवाचून शिकणे शक्य नाही, त्यांनी वेगवेगळ्या कॉलेजांची मदत ताडून पाहण्यासाठी आणखी दोन-तीन अर्ज जरूर करावेत. वाढीव अर्जाला एवढे एकच कारण मला पटते.

पैशांची गोष्ट मुलांपासून लपवणे ही आपल्या घरांतली जुनी खोड. "तू फक्त अभ्यास कर, पैशांचे आम्ही बघू," असे सांगायचे आणि एप्रिलमध्ये, प्रवेश हातात आल्यावर, "हे परवडणार नाही" म्हणायचे, हा मुलावर अन्याय आहे. सरकारी अर्थसाहाय्यात सहभागी असलेल्या कॉलेजांना आपल्या संकेतस्थळावर खर्चाचा अंदाज काढून देणारी सोय ठेवणे २०११ पासून कायद्याने बंधनकारक आहे. ऑक्टोबरातच मुलाला शेजारी बसवून तो अंदाज काढावा. आईवडील 'एच-वन'वर आणि मूल 'एच-फोर' व्हिसावर असेल, तर हे अधिकच निकडीचे, कारण अशा मुलांना तिथल्या केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. 'नक्की मिळणारे' कॉलेज यादीत लिहिताना आपल्याला कमीपणा वाटतो. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात ते नाव उच्चारायला जड जाते. म्हणून मोठ्या नावांची रांग वाढते आणि तळाचे नाव नाइलाजाने लिहिले जाते. उरलेली सगळी दारे बंद झाली, की मूल त्याच नाइलाजाने तिथे पोचते. आपण नापास झालो, अशा समजुतीने त्याचे पहिले वर्ष सुरू होते.

वीस अर्ज केले, तरी शेवटी शिकायचे असते एकाच ठिकाणी. तेव्हा आजोबांनी नातीला निराळा प्रश्न विचारावा: "बाळा, जिथे तुला नक्की जागा मिळणार आहे, तिथे जायला तुला आवडेल ना?" तिने "हो" म्हटले, तर यादी पुरी झाली म्हणून समजावे.