सीलिंग बंद, तोंड बंद

नूतनीकरणाच्या कामात सगळ्यात मोठी लबाडी फॉल्स सीलिंगच्या वर लपवली जाते, आणि लपवणाऱ्यांत मालक, कन्सल्टंट, कॉन्ट्रॅक्टर सगळे सामील असतात. संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनमध्ये व्यापारी इमारतींच्या नूतनीकरणात मी मेकॅनिकलची कामं सांभाळतो. चिलर, पंप, डक्ट, एएचयू (गार हवा खेळवणारी मोठी यंत्रं), पाण्याचे पाइप, धूर ओढून बाहेर टाकणारे पंखे, हे सगळं माझ्याकडे. म्हणून स्पष्ट लिहितो: या धंद्यात जिप्समच्या पट्टीला जेवढा मान आहे तेवढा हवेला नाही. आणि हवा बंद पडली, तर जुलैत इथल्या इमारतीत तासभरही बसवत नाही.

अल ऐन समुद्रापासून दूर, हफीत डोंगराच्या पायथ्याशी. उन्हाळ्यात दुपारी पारा 45 अंशांच्या वर जातो. इमारती बुटक्या आणि चिलर बहुतेक गच्चीवर, बाहेरच्याच तापल्या हवेत उष्णता सोडणारे. 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला कायद्याने बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. तेव्हा जुना चिलर उतरवून नवा चढवायचा तर तो हिवाळ्यातच, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हे इथला कुठलाही फोरमन सांगेल. तरीही दिवाळीच्या सुमारास सुरू झालेल्या बैठका फरशीचा रंग, दर्शनी काच आणि दिव्यांची नक्षी यांवर महिनोन्महिने चालतात. चिलरच्या खरेदीवर सही होते मार्चअखेरीला. यंत्र येईस्तोवर उन्हाळा डोक्यावर. मग निम्मी इमारत चालू दुकानांची, निम्मी फोडलेली, आणि रात्री दुकानं मिटल्यावर शटडाउन घेऊन पहाटेपर्यंत वेल्डिंग. उशीर कुणी केला ते बैठकीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मिनिट्समध्ये मात्र तो मेकॅनिकलच्या नावावर चढतो.

जुन्या इमारतीचे अ‍ॅज-बिल्ट नकाशे, म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या बांधकामाचे नकाशे, हा आणखी एक खोटेपणा. मधल्या काळात आलेल्या-गेलेल्या भाडेकरूंनी वाट्टेल तिथून पाइप ओढलेले असतात, नकाशाला त्याचा पत्ता नसतो. टेंडरआधी चार ठिकाणी सीलिंग उघडून बघू द्या म्हटलं की दुकानदारांना त्रास होईल म्हणून नकार. मग अंदाजाने दर भरायचे आणि पुढे वर्षभर भांडायचं.

पण याहून मोठा गुन्हा काम संपत आल्यावर होतो. उद्घाटनाची तारीख ठरलेली असते, पाहुणे ठरलेले असतात. उशीर कुणाचाही असो, कापला जातो तो टेस्टिंग आणि कमिशनिंगचा वेळ. रंग लवकर वाळावा म्हणून फिल्टर न लावताच एएचयू चालवतात. घासलेल्या जिप्समची भुकटी कॉइलच्या पात्यांत जाऊन बसते आणि नवी कोरी यंत्रणा पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत गुदमरते. चिल्ड वॉटरच्या पाइपांचं फ्लशिंग घाईत उरकतात किंवा करतच नाहीत. एका कामावर कोपऱ्यातल्या दुकानात गारवा येईना म्हणून आम्ही तिथल्या एफसीयूचा, म्हणजे गार हवा सोडणाऱ्या छोट्या यंत्राचा, स्ट्रेनर उघडला. आत काळा चिखल, वेल्डिंगचे मणी, टेफ्लॉन टेपचे तुकडे. जाळी बाहेर काढली तर तळहात काळा झाला. फाइलमध्ये मात्र फ्लशिंगचा रिपोर्ट होता, सहीशिक्क्यासह, पाणी स्वच्छ असल्याचा. हवेच्या बॅलन्सिंगच्या रिपोर्टचीही हीच गत. पानंच्या पानं, आणि प्रत्येक ग्रिलचा आकडा डिझाइनच्या आकड्याला तंतोतंत जुळलेला. ज्याने आयुष्यात एकदा तरी हवा मोजली आहे, त्याला पाहताक्षणी कळतं की इथे काहीच मोजलेलं नाही.

गारवा नाही आला तर माणूस घामाघूम होईल, तक्रार करेल. फायर डॅम्परबाबत तक्रार करायलाही कुणी उरत नाही. डक्ट आगरोधक भिंतीतून जिथे आरपार जातो, तिथे हा डॅम्पर बसवतात. त्याची पाती एका छोट्या धातूच्या कडीने उघडी धरलेली असतात. साधारण 72 अंशांना कडी वितळते, पाती पडतात, वाट बंद होते. मी पाहिलेल्या एका डॅम्परची पाती बांधणीच्या तारेने आवळलेली होती. काम चालू असताना ती मधेच पडू नयेत म्हणून कुणीतरी बांधली आणि नंतर सोडलीच नाही. कडी वितळली असती तरी पातं हललं नसतं. आणि त्याच्याखाली सीलिंग अखंड, अ‍ॅक्सेस पॅनल नाही, कारण पॅनलची चौकट डिझायनरच्या रेषेत बसत नव्हती.

धूर अडला नाही तर काय होतं ते पाहा. 21 नोव्हेंबर 1980 ला लास वेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात आग लागली ती तळाशी कॅसिनोच्या मजल्यावर. 85 माणसं गेली, आणि त्यांतली बहुतेक वरच्या मजल्यांवर, ज्वाळांपासून कितीतरी दूर, धुराने. जिने, लिफ्टचे शाफ्ट आणि हवेची यंत्रणा या वाटांनी धूर वर चढला, आणि सदोष डॅम्परनी त्याला अडवलं नाही. दिल्लीच्या उपहार सिनेमात 13 जून 1997 ला 59 जणांचा जीव गेला, तोही खालच्या पार्किंगमधल्या ट्रान्सफॉर्मरच्या धुराने. अग्निसुरक्षेचं एनएफपीए 80 हे मानक सांगतं की डॅम्पर बसवल्यावर वर्षभराने तपासा, पुढे साधारणपणे दर चार वर्षांनी तपासा. ज्याच्यापर्यंत हातच पोचत नाही तो डॅम्पर तपासायचा कसा? सौंदर्याच्या नावाखाली पॅनल नाकारणारा डिझायनर आणि त्यावर मान डोलावणारा कन्सल्टंट, दोघांनाही मी या धोक्याचे भागीदार मानतो.

आणि हे सगळं कुठे घडतं? ज्या अल ऐनमध्ये सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे फलज सापडले आहेत तिथे. हिली आणि बिदा बिन्त सौदचे हे जमिनीखालचे पाण्याचे पाट लोहयुगातल्या माणसांनी खोदले. त्यांनी पाटावर ठरावीक अंतराने उभे शाफ्ट ठेवले, कारण गाळ साचणार आणि कुणालातरी खाली उतरावं लागणार हे त्यांना कळत होतं. युनेस्कोने 2011 मध्ये हा सगळा वारसा जागतिक यादीत घेतला. आमच्याकडे लेसर आहे, त्रिमितीय मॉडेल आहे, आणि व्हॉल्व्हखाली हातभर चौकोन सोडायची अक्कल नाही. भोगतो तो मेंटेनन्सचा टेक्निशियन, केरळचा, पेशावरचा नाहीतर आपल्या रत्नागिरीचा. रात्री दोन वाजता तो शिडीवर उभा राहून करवतीने जिप्सम कापतो, आणि सकाळी सीलिंग खराब केलं म्हणून बोलणी खातो.

लोअर परळ आणि हिंजवडीतल्या फिट-आउटमध्ये काम केलेल्या मित्रांकडून मी हीच गोष्ट ऐकतो. म्हणून आखातात आणि महाराष्ट्रात या धंद्यात असलेल्या मराठी इंजिनिअरांना माझं सांगणं आहे: न मोजलेल्या हवेवर सही करू नका. वरून फोन येईल, व्हिसाची भीती घातली जाईल. तरी न झालेली टेस्ट न झालेली म्हणूनच लेखी कळवा, तारखेसह, फोटोसह. आणि नूतनीकरण झालेल्या इमारतीत दुकान, दवाखाना किंवा ऑफिस घेणाऱ्यांनो, ताबा घेण्याआधी एकच करा. शिडी मागवा, तुमच्या गाळ्यातला फायर डॅम्पर कुठे आहे ते विचारा आणि तो डोळ्यांनी पाहा. तिथे उघडता येणारं पॅनल नसेल, तर किल्ल्या परत द्या.