गिटार सोडायच्या आधी तारांची उंची मोजा

8-10 हजारांची सेमी-ॲकूस्टिक, म्हणजे पिकअप बसवलेली, गिटार घेतलेल्यांना आणि घ्यायला निघालेल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: खोक्यातून काढली की ती वाजवायला तयार असते, असं धरून चालू नका. आधी एखाद्या जाणत्या माणसाकडून ती लावून घ्या. मी गिटार शिकवतो. अर्ध्यावर सोडून जाणाऱ्या मुलांपैकी बरीचशी बोटं दुखतात म्हणून जातात. आईवडिलांना वाटतं, पोराला चिकाटी नाही. पोराला वाटतं, आपली बोटंच आखूड. गिटारकडे कुणी बघतच नाही.

तंबोऱ्याच्या बाबतीत आपण असं करत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते तिथल्या हातांच्या कसबामुळे. जवारी, म्हणजे घोडीच्या माथ्याची नेमकी घासणी, नीट लागल्याशिवाय त्या तंबोऱ्याला कुणी तयार म्हणत नाही, आणि ती बिघडली की गवई पुन्हा कारागिराचं दार गाठतो. स्वस्त गिटारवर हा शेवटचा हात फिरायचा राहिलेला असतो. त्याला माणसाचा वेळ लागतो, आणि किंमत नेमकी तिथेच वाचवलेली असते. प्रवासात, बदलत्या हवेत तारा फ्रेटला लागून खरखरू नयेत म्हणून त्या बहुधा उंचच ठेवलेल्या असतात.

ही उंची, म्हणजे ॲक्शन, घरीच मोजता येते. कंपासपेटीतली पट्टी घ्या, मात्र तिचं शून्य अगदी काठापासून सुरू होतं ना, ते बघा. बाराव्या फ्रेटवर पट्टी उभी धरा. फ्रेटच्या माथ्यापासून जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंत अडीच मिलिमीटर आणि सर्वांत बारीक तारेखाली दोनच्या आसपास अंतर असेल तर ठीक. साडेतीन-चार भरलं, तर मोठ्या माणसाचीही बोटं तासाभरात हार मानतील. शिवाय उंच तार दाबताना ताणली जाते आणि स्वर चढतो. गिटार ट्यूनरवर नीट लावूनही कॉर्ड बेसूर वाजते ती यामुळे. मुलाच्या कानाला बोल लावू नका.

त्याहून जास्त छळ नट करतो. नट म्हणजे मानेच्या टोकाची ती खाचा पाडलेली पट्टी. तिच्या खाचा उथळ असल्या की पहिल्या दोन-तीन फ्रेटवर तार दाबायला भलताच जोर लागतो, आणि नवशिक्याचं सगळं वाजवणं तिथेच चालतं. माझ्याकडे येणारी एक मुलगी एफ कॉर्डवर अडून बसली होती. बोटांवर लाल वळ, आणि पहिल्या बोटाखालची बी तार दर वेळी मुकी. तिच्या गिटारच्या पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावला आणि तीच पकड एक फ्रेट पुढे धरायला सांगितली. सहाही तारा वाजल्या. कॅपो लावला की नट बाजूला पडतो, म्हणून ही परीक्षा खात्रीची. कॅपो नसेल तर एक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली बघा. केसाएवढी फट हवी. पोस्टकार्ड आरामात सरकत असेल तर खाचा खोल करून घ्यायला हव्यात. हे काम स्वतः करू नका. खाच जास्त घासली गेली तर सुटी तार खरखरते आणि नटच बदलावा लागतो.

ब्रिजवरची पांढरी पट्टी, सॅडल, खालून घासून उतरवता येते. बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल दोन मिलिमीटर घासावी लागते. सेमी-ॲकूस्टिकमध्ये तिचा तळ अगदी सपाट राहिला पाहिजे, कारण पिकअप तिच्याच खाली असतो. तारेचा थरथराट दाबाच्या रूपाने पिकअपच्या पिझो पट्टीवर पोचतो आणि त्याची वीज होते. सॅडल एका बाजूला अधांतरी राहिली तर ॲम्पवर एखादी तार दबते नि शेजारची किंचाळते. पिकअप खराब आहे म्हणून टाकून दिलेल्या काही गिटारींचं दुखणं एवढंच असतं.

तारा 12 गेजच्या, म्हणजे जाड, असतील तर त्या काढून 10 किंवा 11 च्या घाला. आवाज थोडा पातळ होईल, पण हात चालेल, आणि पहिल्या वर्षी हात चालणंच महत्त्वाचं.

आवाजाबद्दल खोटी आशा लावून घेऊ नका. या किमतीत पुढची फळी बहुधा प्लायची असते. स्वर स्वच्छ येतो, खोली कमी. मात्र आपल्याकडच्या, विशेषतः कोकणातल्या पावसाळ्यात भरीव लाकडाची फळी फुगते आणि ॲक्शन चढते. प्लाय तितकी हलत नाही. पहिल्या गिटारला प्लाय मला तरी योग्यच वाटते. विदर्भातल्या उन्हाळ्यात उलटं होतं, मान सुकते आणि फ्रेटची टोकं हाताला टोचू लागतात.

पिकअपचा आवाज लाकडाचा नसतो, करकरीत असतो. गणपतीच्या मांडवात किंवा गॅदरिंगला वाजवताना ट्रेबल थोडा उतरवा. गिटार घोंगावू लागली तर बास कमी करा आणि स्पीकरसमोरून बाजूला व्हा. केबल खोचली की आतली 9 व्होल्टची बॅटरी सुरू होते, म्हणून वाजवून झालं की केबल काढा. गिटार महिनोन्‌महिने ठेवून द्यायची असेल तर बॅटरीही काढा, ती पाझरते. मूल वर्षभर घरातच वाजवणार असेल तर पिकअपला पैसे घालू नका. तो नंतर बसवता येतो.

घ्यायला जाल तेव्हा आधी केबल न जोडता ऐका, दुकानातला ॲम्प आणि रिव्हर्ब बरंच झाकतो. मानेत ट्रस रॉड, म्हणजे ती सरळ ठेवणारी सळई, आहे का, विचारा. नसेल तर मान वाकल्यावर सरळ करायचा सोपा मार्ग उरत नाही. लहान हातांसाठी स्केल, म्हणजे नटपासून सॅडलपर्यंतची तारेची लांबी, हीही बघा: यामाहाच्या एफ310 ची 634 मिलिमीटर आहे, बऱ्याच मोठ्या गिटारींची 650 च्या आसपास. तेवढ्यानेही तारांचा ताण उतरतो.

घरात आधीच एक पडून असेल तर नवी घेऊ नका. आहे ती दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि नट, सॅडल, ट्रस रॉड, नव्या तारा एवढंच काम सांगा. काम झाल्यावर पैसे द्यायच्या आधी तिथेच बसून पहिल्या फ्रेटवरचा एफ धरून बघा, मग केबल जोडून सहाही तारा एकेक करून ऐका. एखादी दबली तर त्याच वेळी सांगा, सॅडल पुन्हा बसवायला फार वेळ लागत नाही.