चिलापी हवी तेवढी न्या, गाभोळीचा मासा सोडा

पाऊस लागला तशी पवनेच्या काठावर तंबूंची रांग लागलीय. यंदा तंबूंबरोबर रॉड-रीळवाली मंडळीही जास्त दिसतायत. काल एकानं टाकलेल्या फोटोत मासे मोजले. एकवीस. तंबूत माणसं चार! त्यातले निम्मे पोट टम्म फुगलेले, म्हणजे गाभोळीनं भरलेले.

गळ टाकायला माझा विरोध नाही. ओढ्याकाठीच वाढलोय मी. विचारायचं एवढंच, की किती न्यायचे आणि कोणते?

समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात. २०२३ मध्ये सरकारनं पन्नासहून जास्त जातींच्या सागरी माशांची किमान लांबीही ठरवली; त्याहून लहान मासा धरायचा नाही. आणि धरणावर? हौशी माणसानं दिवसाला किती मासे न्यावेत, याचा एक फलक मला आमच्या काठावर दाखवा.

रोहू, महासीर हे मासे पावसाळ्यातच, नव्या पाण्याला चढून अंडी घालतात. किलोभराच्या रोहूच्या मादीत लाखाच्या वर अंडी असतात. ती तव्यावर गेली की संपलं. शिवाय धरणांत मच्छीमार सोसायट्या ठेक्याचे पैसे भरतात, बोटुकली विकत आणून सोडतात. त्यावर ज्यांचं घर चालतं त्यांना कोणी विचारतं का?

चिलापीचं उलट आहे. मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणलेली. वर्षातून अनेकदा विते, मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे हटता हटत नाही. ती पोतंभर न्या, कोणी अडवणार नाही. तळून चांगली लागते, नाकं मुरडू नका.

माझं म्हणणं: जून ते ऑगस्ट गाभोळीचा देशी मासा लागला तर हात ओले करून गळ काढा, सोडून द्या. एरवी माणशी दोन देशी मासे पुरे.

गावातले म्हणतील, आधी ओढ्यात ब्लीचिंग टाकणाऱ्यांना धरा. बरोबरच आहे. पाण्यात विष टाकून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे, आणि हे करणारे पुण्या-मुंबईचे नसतात, आपलेच असतात. त्यांच्यावर वेगळं लिहीन, नावं घ्यायची वेळ आली तरी.

तोवर कॅम्पवाल्या भावांनो, रात्री दहानंतर स्पीकर बंद, हे छापून देता ना? त्याच कागदावर माशांच्या दोन ओळी वाढवा. मजकूर मी फुकट लिहून देतो.