अभिजात म्हणजे कोणाच्या घरी जन्मलेले?

"फुकटचे पास वाटलेत वाटतं आज."

मध्यंतरात कॉफीच्या रांगेत आमच्या मागे उभ्या असलेल्या एका बाईंनी शेजारणीला हे सांगितले. आवाज बेताचा, पण आम्हाला ऐकू येईल एवढा. आम्ही सात जण होतो. वस्तीतल्या अभ्यासिकेतली सहा मुलं-मुली आणि मी. तिकीट ३०० रुपयांचे. सात जणांचे २१०० रुपये आम्ही महिनाभर वर्गणी काढून जमवले होते. शहरातल्या एका नाट्यगृहात शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'चा मराठी प्रयोग होता. मुलं पहिल्यांदाच नाट्यगृहाची पायरी चढली होती.

प्रयोग संपायला साडेबारा वाजले. शेवटची बस गेली होती. रिक्षात दाटीवाटीने बसून परतताना एक मुलगा म्हणाला, "ताई, पुन्हा नको. शाहिरीच्या कार्यक्रमाला न्या, कुठेही न्या. हे आपल्यासाठी नाही."

दुसऱ्या दिवशी ही हकिगत मी चळवळीतल्या एका जुन्या कार्यकर्त्यांना सांगितली. ते हसून म्हणाले, "भटांची नाटकं ती. कशाला पैसे घालता?"

म्हणजे एकाच नाटकाबद्दल तीन मतं झाली. बाईंचे मत, की ही माणसे इथली नाहीत. मुलाचे मत, की आपण तिथले नाही. आणि ज्येष्ठांचे मत, की आपण तिथले असूच नये. पहिले तुच्छतेतून आले, दुसरे अपमानातून, तिसरे अभिमानातून. पण तिन्हींचा निकाल एकच लागतो: त्या सभागृहात आपली खुर्ची रिकामी राहते. या निकालाविरुद्ध मला बोलायचे आहे.

सुरुवात शब्दापासूनच करू. असल्या नाटकांना 'अभिजात' म्हणतात. शब्दकोश उघडून पाहा, अभिजात म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. कलेचे मोल ठरवायला आपल्या भाषेने जो शब्द निवडला, तो जन्माचा दाखला मागणारा निघाला. समाजशास्त्र शिकताना आम्हाला पिएर बोर्दिए हा फ्रेंच विचारवंत होता. माणसाची अभिरुची त्याच्या घरातून आणि वर्गातून घडते, आणि मग तीच अभिरुची इतरांना कमी लेखायचे हत्यार बनते, असे त्याने दाखवले. फ्रान्समध्ये ते वर्गापुरते असेल. आपल्याकडे रसिकता आडनाव विचारून खुर्ची देते.

गंमत पाहा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच निर्णयात पाली आणि प्राकृतही होत्या. आता संस्कृत नाटकात प्राकृत कोण बोलते? राजा आणि पंडित संस्कृत बोलतात. बहुतेक स्त्रिया, दासदासी, कोळी, चांडाळ प्राकृत बोलतात. ब्राह्मण विदूषकासारखे अपवाद आहेत, पण विभागणी ही अशी. आपली मराठी त्या प्राकृतांच्याच कुळातली. म्हणजे ज्या मराठीच्या अभिजातपणाचा सोहळा नाट्यगृहांत झाला, ती रंगमंचावर हलक्या समजल्या गेलेल्या माणसांच्या तोंडी वाढलेल्या बोलींची लेक आहे. आणि त्याच माणसांचे वंशज कॉफीच्या रांगेत दिसले की फुकटच्या पासची शंका येते!

यावर एक ठरलेले उत्तर मिळते. "छे, आमच्या परंपरेत नाटक सर्वांसाठीच होते. नाट्यशास्त्र वाचा." वाचू या. पहिल्याच अध्यायात गोष्ट आहे की शूद्रांना वेद ऐकण्याचा अधिकार नाही, म्हणून ब्रह्मदेवाने सर्व वर्णांसाठी नाट्य हा पाचवा वेद निर्माण केला. याला उदारता म्हणायचे? चार वेदांचे दार बंद ठेवले, त्या बदल्यात करमणूक दिली. दुसऱ्या अध्यायात नाट्यगृह बांधण्याचा विधी येतो. त्यात खांबसुद्धा चार वर्णांचे आहेत. ब्राह्मण स्तंभाच्या तळाशी सोने टाकायचे, शूद्र स्तंभाच्या तळाशी लोखंड. पाचवा वेद झाला, पण पाचव्या माणसासाठी, म्हणजे वर्णांबाहेर फेकलेल्या आपल्यासाठी, खांब काही उभा राहिला नाही. हीच ती सर्वांची परंपरा.

आता मोर्चा आपल्याच घराकडे वळवते. ज्येष्ठांचा राग मला समजतो. त्यांच्या पिढीने या सभागृहांच्या बाहेर उभे राहून पोस्टर पाहिली आहेत. ते म्हणतील, जोतीरावांनी १८८५ साली मराठी ग्रंथकारांच्या सभेला यायला नकार दिलाच होता ना? दिला होता. पण तो नकार काय होता ते नीट पाहा. ज्यांच्या पुस्तकांत शूद्रातिशूद्रांच्या हक्काचा विचार नाही, त्यांच्या सभेला आपले नाव द्यायला जोतीरावांनी नकार दिला. त्यांची पुस्तके वाचायला कधीच नकार दिला नाही. दशावतारांच्या कथा ओळ न् ओळ उलगडल्याशिवाय १८७३ साली 'गुलामगिरी' लिहून होते का? आणि १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिताना त्यांनी नाटक हाच प्रकार निवडला. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आले १८८० साली, म्हणजे त्यानंतर २५ वर्षांनी. दक्षिणा प्राइझ कमिटीने 'तृतीय रत्न' नाकारले. मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना त्याला शतकाहून अधिक काळ जागा नव्हती. ही जागा आपण सोडलेली नाही, ती आपल्याकडून हिसकावली आहे. हिसकावलेल्या जागेवर बहिष्कार घालून ती परत मिळत नाही.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी ते संस्कृत स्वतः मिळवले आणि त्यातले धर्मग्रंथ उलटेपालटे करून १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते' हा ग्रंथ लिहिला, जोतीरावांना अर्पण केला. "ते भटांचे आहे" म्हणून ते थांबले असते तर? चवदार तळ्यावर आपण पाणी गोड होते म्हणून गेलो नव्हतो. तळे सार्वजनिक होते म्हणून गेलो होतो. आज शहरांतली बहुतेक मोठी नाट्यगृहे महापालिकेची आहेत. आपल्या करातून ती चालतात आणि त्यांची स्वच्छतागृहे धुणाऱ्यांत आपल्याच आयाबहिणी जास्त आहेत. पहाटे झाडू घेऊन आत जायला चालते, रात्री तिकीट घेऊन गेलो तर मात्र पास वाटल्याची शंका, असे का?

आणि आत गेल्याने काय मिळते, तेही सांगते.

त्या प्रयोगात शेवटच्या अंकात चारुदत्ताला सुळावर द्यायला दोन चांडाळ आले. तोंडाला काळे फासलेले, वाकडे चालणारे. ते आले की सभागृह हसायचे. आमच्या रांगेत कोणी हसले नाही. पुढच्या रविवारी आम्ही विहारात मूळ नाटकाचे मराठी भाषांतर घेऊन बसलो. "पुन्हा नको" म्हणणारा मुलगाही आला. तेव्हा कळले की शूद्रकाच्या नाटकात हे चांडाळ हसण्याचा विषय नाहीतच. ते ठणकावून सांगतात की चांडाळ कुळात जन्मलो तरी आम्ही चांडाळ नाही, सज्जनाला छळणारे खरे चांडाळ. जन्माने नव्हे तर कर्माने, हा तथागतांचा विचार तिथे फाशी देणाऱ्याच्या तोंडी आहे. प्रयोग बसवणाऱ्यांना त्यात फक्त हशा दिसला.

मग एकेक गोष्ट हाती लागू लागली. न्यायालयाच्या अंकात न्यायाधीश राजाला मनूचा हवाला देतो: ब्राह्मणाला देहदंड नाही, फार तर मालमत्तेसह हद्दपार करावे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये जे पुस्तक जाळले, ते इथे कोर्टात हजर आहे. स्थावरक नावाचा दास आहे. खून करायची मालकाची आज्ञा तो मोडतो, पुढे साखळदंडासकट वरून उडी मारून खरे सांगायला धावतो. पण मालक त्याच्यावर चोरीचा आळ घालतो आणि दासाची साक्ष वाऱ्यावर जाते. अॅट्रॉसिटीच्या खटल्यात साक्षीदाराचे काय होते हे ज्यांनी कोर्टाच्या व्हरांड्यात पाहिले आहे, त्यांना हा अंक कोणी समजावून सांगावा लागत नाही. गळा दाबून टाकून दिलेल्या वसंतसेनेला जीवदान कोण देतो? बौद्ध भिक्खू. त्याच भिक्खूला त्याच अंकात राजाचा मेव्हणा शिव्या घालून मारतो.

पण खरा धक्का शेवटाला आहे आणि तो आमच्या अभ्यासिकेतल्या एका सफाई कामगाराच्या मुलीने शोधला. नाटकात क्रांती होते. गवळ्याचा पोर आर्यक जुलमी राजाला मारून गादीवर बसतो. मग बक्षिसे वाटली जातात. भिक्खूला सर्व विहारांचा प्रमुख करतात. स्थावरकाला दास्यातून मुक्त करतात. वसंतसेनेला कुलवधूचा मान मिळतो. आणि त्या दोन चांडाळांना? त्यांना सर्व चांडाळांचे प्रमुख नेमतात.

ती मुलगी म्हणाली, "ताई, सगळ्यांची जागा बदलली. यांची बदललीच नाही. हे तर सेलचे अध्यक्ष झाले!"

विहारात हशा पिकला. मग सगळे गप्प झाले. प्रत्येक पक्षातला अनुसूचित जाती सेल, त्याचे पदाधिकारी, त्यांची फ्लेक्सवरची छायाचित्रे आम्हा सर्वांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. राज्य बदलते, राजा बदलतो, आपल्यातल्या दोघांना आपल्यावर प्रमुख नेमले जाते आणि चांडाळवाडा आहे तिथेच राहतो. 'मृच्छकटिका'वरचे हे मत मी आजवर एकाही रसिकाकडून ऐकलेले नव्हते. गाणे कसे लागले, नेपथ्य कसे होते, जुन्या नटांची सर येत नाही, हेच ऐकत आले. सुळावरच्या ब्राह्मणासाठी सभागृहाचे डोळे ओले होतात. साखळदंडातल्या दासासाठी होत नाहीत. अशा ठिकाणी आपल्या डोळ्यांची जोडी हवी की नको?

म्हणून ज्येष्ठांना माझे नम्र सांगणे: ही नाटके त्यांच्यावर सोपवून आपण त्यांचे नुकसान करत नाही, त्यांची सोय करतो. "प्रेक्षक उरला नाही" म्हणून वर्तमानपत्रांत गळा काढणाऱ्यांनाही सांगते: प्रेक्षक वस्त्यांत आहे. साडेबाराला सुटणारा प्रयोग, ३०० रुपयांचे तिकीट आणि रांगेतली ती कुजबुज यांनी तुम्हीच त्याला बाहेर ठेवले आहे.

आणि "आपल्यासाठी नाही" म्हणणाऱ्या माझ्या त्या भावाला एक गोष्ट सांगायची राहिली होती. आज हाती असलेले सर्वांत जुने संस्कृत नाटक कोणाचे, ठाऊक आहे? कालिदासाचे नाही. मध्य आशियात ताडपत्रांचे तुकडे सापडले, ल्युडर्स या जर्मन विद्वानाने ते १९११ साली प्रसिद्ध केले. नाटककार अश्वघोष, बौद्ध. नाटक 'शारिपुत्रप्रकरण'. विषय सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांची धम्मदीक्षा. त्यात विदूषक हरकत घेतो की ब्राह्मणाने क्षत्रियाची शिकवण कशी घ्यावी. सारिपुत्ताचे उत्तर असे, की हलक्या जातीच्या माणसाने दिले म्हणून औषध रोग्याला बरे करायचे थांबते का? जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी रंगमंचावर हा वाद चालला होता आणि तो आपल्या बाजूने चालला होता. ज्याला 'त्यांचे' घर म्हणतोस, त्याच्या पायाच्या सर्वांत जुन्या विटांवर धम्माची खूण आहे.

बाबासाहेबांसमोर १९५५ साली औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा' झाले. त्यानंतर दत्ता भगत, प्रेमानंद गज्वी, संजय पवार यांनी रंगभूमीवर आपले प्रश्न आणले. जलशांपासून चालत आलेली ही वाट आपली आहेच, ती सोडायची नाही. पण आपली नाटके लिहिणे आणि त्यांची नाटके तपासणे ही दोन्ही कामे एकाच चळवळीची आहेत.

तेव्हा करायचे काय? नाटकाला एकट्याने जाऊ नका, गटाने जा. जाण्याआधी संहिता विहारात किंवा अभ्यासिकेत वाचा. पाहून आल्यावर मत लिहा आणि ते दिग्दर्शकापर्यंत पोहोचवा. चांडाळाला विदूषक केले असेल तर का केले, हे विचारा. महापालिकेकडे लेखी मागणी करा: महिन्यातून एक प्रयोग संध्याकाळी सहाला आणि ५० रुपयांत, तोही शनिवार-रविवारी. आणि ज्यांच्या हातात लेखणी आहे त्यांनी अश्वघोषाच्या फाटक्या ताडपत्रांवरून सारिपुत्ताचे नाटक पुन्हा मराठीत उभे करा.

पुढच्या महिन्यात 'शाकुंतल' आहे. त्यात अंगठी सापडलेल्या कोळ्याला राजाचे शिपाई चोर ठरवून बडवतात, त्याच्या धंद्याची टिंगल करतात. चोरी झाली की पारध्याच्या पालावर पोलीस का येतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी तो प्रसंग पाहायलाच हवा. आम्ही वर्गणी सुरू केली आहे. या वेळी अकरा जण आहोत. "पुन्हा नको" म्हणणाऱ्याने पहिले ५० रुपये दिले. मध्यंतरात आम्ही कॉफी घेणार आहोत, रांगेत उभे राहून, तिकिटाचा अर्धा तुकडा खिशात ठेवून. तो कोणाला दाखवायची गरज नाही.

जय भीम!