स्प्रिंगवाली बंदूक

जत्रेत फुगे फोडायला पैसे घालवले नाहीत असा प्राणी आपल्या हॉस्टेलवर शोधून सापडणार नाही. नेम चुकला की आपण फुगेवाल्यावर घसरतो, "नळीच वाकडी आहे रे याची!" असेलही. पण निम्मा दोष त्या बंदुकीच्या स्वभावाचा असतो, आणि मला तो स्वभावच आवडतो. म्हणून जिमखान्यातली जुनी एअरगन भंगारात काढायची भाषा सुरू झाली तेव्हा राहवलं नाही, लिहायला बसलो.

नळी सांध्यात मोडायची, की आतली जाडजूड स्प्रिंग दाबली जाते आणि पिस्टन मागे अडकतो. जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा अंगठ्याने बसवायचा, नळी 'खट्' बंद. ट्रिगर ओढला की पिस्टन पुढे धावतो, समोरची हवा दाबली जाऊन तापते आणि छर्रा सुटतो. सिलिंडर नाही, बॅटरी नाही, सगळी ऊर्जा आपल्याच दंडातली! थर्मोमध्ये अॅडियाबॅटिक कॉम्प्रेशन पाठ करणाऱ्यांनी एकदा ही हातात घ्यावी. पिस्टनपुढे तेल जास्त गेलं तर ते आतच पेटतं, नळीतून धूर येतो. डिझेल इंजिनच की हो!

खरी गंमत पुढेच आहे. छर्रा नळीत असतानाच तो जड पिस्टन धावत असतो. त्यामुळे बंदूक आधी मागे दणका देते, आणि पिस्टन टोकाला जाऊन थांबला की पुढे. घट्ट आवळून धरली तर छर्रा एकीकडे, सैल धरली तर भलतीकडे. तळहातावर अलगद टेकवायची, दर वेळी अगदी तशीच, आणि छर्रा सुटल्यावरही क्षणभर हलायचं नाही. इथे ताकद दाखवणारा पहिल्या पाच मिनिटांत गार होतो.

१० मीटर एअर रायफल १९८४ साली ऑलिम्पिकमध्ये आली. आता स्पर्धेत आधीच दाबून भरलेल्या हवेच्या रायफली असतात. दणका जवळजवळ नाहीच. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्णपदक घेतलं तेही तसल्याच रायफलने. मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, तिथे ते हवंच. पण नवशिक्याच्या हातात पहिल्यांदा स्प्रिंगवालीच द्यावी. ती चूक लपवत नाही.

आता, "ह्यानेच पोरं पक्षी मारतात" हा आक्षेप. तो खोटा नाही. मुंबईत लहानग्या सलीम अलींनी एअरगनने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत घेऊन गेली आणि देशाला पक्षितज्ज्ञ मिळाला, हे खरं. पण प्रत्येक पोरगा सलीम अली होत नाही! अरुणाचल प्रदेशात २०२१ पासून लोकांनी पक्ष्यांसाठी आपणहून एअरगन सरकारजमा केल्या, त्यांना माझा सलाम. घराघरात बंदूक हवी असं मी म्हणतच नाही. एकच हवी, कुलपात, आणि सरांच्या देखरेखीखाली फक्त कागदी टार्गेटवर.

खर्च किती? वॉशरला चामड्याचा तुकडा, फार तर एक नवी स्प्रिंग. टार्गेटमागे वाळूची पोती, डोळ्यांना वर्कशॉपचेच गॉगल. छर्ऱ्यांची वर्गणी आम्ही काढू. रेक्टर सरांकडे अर्ज घेऊन कोण जाणार, एवढाच प्रश्न आहे!